थोडंच सामान आहे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



काही खोटी वाक्यं आपण इतक्या सहज बोलतो, की ती खोटी आहेत हे आपल्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. ‘पाच मिनिटांत पोचतोच आहे’ हे त्यातलं एक. ‘काही नाही हो, साधंच जेवण केलंय’ हे दुसरं. आणि तिसरं वाक्य, ज्याच्याबद्दल मी आज बोलणार आहे, ते म्हणजे ‘थोडंच सामान आहे’. हे वाक्य आपण टेम्पोवाल्याला ऐकवतो. फोनवर, भाडं ठरवताना. आणि गंमत अशी, की ते ऐकणाराही त्यावर विश्वास ठेवत नाही. पण त्याला कामाची गरज असते, म्हणून तोही ‘बरं बरं’ म्हणतो. पुढे जिन्याच्या पायरीवर जे भांडण होतं, त्याची सुरुवात या ‘बरं बरं’पासून झालेली असते.

मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली. बदल्या झाल्या, घरं बदलली. मोजून नऊ बिऱ्हाडं केली. परगावी बदली झाली की बँक ट्रकचा खर्च द्यायची, त्यामुळे त्या वेळी मी मोठ्या मनाचा माणूस असायचो. पण गावातल्या गावात घर बदलायचं, किंवा एखादं कपाट बहिणीकडे पोचवायचं, म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे. तिथे मात्र माझ्यातला हिशेबनीस जागा व्हायचा. हा हिशेबनीस किती कच्चा होता, ते मला निवृत्त झाल्यानंतर कळलं. त्याचीच ही गोष्ट.

त्याआधी थोडं मागे जातो. माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, पुण्याच्या पेठांमध्ये बिऱ्हाड हलायचं ते हातगाडीवरून. सदाशिव पेठेतल्या वाड्यातून आम्ही नवी पेठेत गेलो, तेव्हा हातगाडीच्या दोन खेपांमध्ये सगळा संसार मावला. दोन ट्रंका, पितळेचे डबे, गाद्यांच्या वळकट्या, पाटा-वरवंटा आणि वडिलांची सायकल. देव तेवढे आईनं गाडीवर ठेवू दिले नाहीत. ते तिनं पदराखाली धरून पायी नेले. हातगाडीवाला मध्येच थांबून खांद्यावरच्या पंचानं घाम पुसायचा. वडील त्याला ठरलेल्या पैशांवर चार आणे जास्त द्यायचे आणि आई त्याला चहा द्यायची. यात औदार्य कमी आणि डोळे जास्त होते. माणूस ओझं ओढतोय हे समोर दिसत होतं. त्याचे पैसे कशाचे, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग टेम्पो आला. हा शब्द आपण इतका आपला करून टाकलाय, की तो मराठी नाही असं सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात एक कारखाना होता, त्याच्या गाड्यांचं नाव ‘टेम्पो’. त्यांच्याशी करार करून आपल्याकडे १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. तिच्या तीनचाकी मालगाड्या रस्त्यावर धावू लागल्या आणि एका कंपनीचं नाव साऱ्या जातीचं नाव होऊन बसलं. पुढे मॅटाडोर आली, तिलाही आपण टेम्पोच म्हणालो. २००५ साली त्या कंपनीनं आपल्या नावातला ‘टेम्पो’ काढून फोर्स मोटर्स असं नाव घेतलं. पण लोकांच्या तोंडातला टेम्पो काही गेला नाही.

योगायोग असा, की त्याच २००५ साली टाटांची ‘एस’ नावाची चिमुकली चारचाकी मालगाडी बाजारात आली. दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टन माल आणि सातेक फूट लांबीचा हौदा. लोकांनी तिचं बारसं लगेच केलं, ‘छोटा हत्ती’. हत्ती म्हटल्यावर हौदा आलाच! पेठेतल्या बोळात वळणारी, सोसायटीच्या फाटकातून आत शिरणारी ही गाडी आली आणि लहान बिऱ्हाडांची सोय झाली. आज पुण्यात, मुंबईत, नाशकात, अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी जी असंख्य माणसं आहेत, म्हणजे विद्यार्थी, नोकरीला आलेली मुलंमुली, नवी लग्न झालेली जोडपी, त्यांचं घर या छोट्या हत्तीच्या पाठीवर बसून फिरत असतं.

सोय झाली, पण एक गोष्ट गेली. हातगाडीवाल्याचा घाम दिसत होता. टेम्पोत इंजिन ओझं ओढतं, आणि ड्रायव्हर नुसता बसलेला दिसतो. मग आपण म्हणतो, “आठ किलोमीटरचे दीड हजार? रिक्षानं गेलो असतो तर दोनशे झाले नसते!” आपण अंतर मोजतो. मीही तेच मोजत होतो.

गेल्या वर्षीची मे महिन्यातली गोष्ट. माझी भाची एका रुग्णालयात परिचारिका आहे. धायरीला एका खोलीत मैत्रिणीबरोबर राहायची. मैत्रिणीचं लग्न ठरलं, करारही संपत आला होता, म्हणून तिनं कर्वेनगरला एक लहान जागा पाहिली. मला फोन आला, “मामा, रविवारी येशील का? टेम्पो ठरवायचाय. मला भाव करायला जमत नाही.” मामाला भाव करायला जमतं, अशी आमच्या घराण्यात माझी ख्याती आहे.

धायरी फाट्यावर टेम्पो उभे असतात. एका गाडीच्या दारावर नंबर रंगवलेला होता, तो मी फिरवला. पलीकडून आवाज आला, “बोला काका.” माझ्या आवाजावरून त्यानं मला काका केलं, तिथपर्यंत ठीक होतं.

“कर्वेनगरला जायचंय. थोडंच सामान आहे.”

“किती हाय?”

“अहो, एका मुलीचं सामान ते काय असणार? एक कपाट, एक पलंग, फ्रिज, आणि किरकोळ.”

“मजला कितवा?”

“दुसरा.” इथून तिसरा होता. दुसऱ्याच्या वर थोडा, असं मी मनाशी म्हटलं.

तो म्हणाला, दीड हजार. मी म्हणालो, हजार. तो म्हणाला, बरोबर पोरगा येईल उचलायला. मी म्हणालो, आम्हीही आहोत की उचलायला. शेवटी बाराशेवर आलं. त्यानं एकच अट घातली, “काका, नऊला लावतो गाडी. दोन वाजता माझं दुसरं भाडं हाय वडगावला. तेवढं सांभाळा.” मी म्हटलं, “दोन? अहो, बाराला मोकळे व्हाल तुम्ही!”

फोन ठेवून मी भाचीला अभिमानानं सांगितलं, “तीनशे वाचवले.”

रविवारी पावणेनऊला गाडी दारात उभी होती. टेम्पोवाला पस्तिशीचा, बीडकडचा. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा पुतण्या. दोघं तीन जिने चढून वर आले. टेम्पोवाल्यानं दारातूनच खोलीवर नजर फिरवली आणि काही बोलला नाही. ती खोली पाहिल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं. किरकोळ म्हणजे काय काय होतं, ते मी नंतर मोजलं. गॅसची शेगडी आणि सिलिंडर, पाण्याचं पिंप, धुण्याचं छोटं यंत्र, पुस्तकांची चार खोकी, भांड्यांची तीन पोती, दोन गाद्या, कूलर, तुळशीची कुंडी, आणि आईनं गावाहून पाठवलेलं पन्नास किलो तांदळाचं पोतं. कपाट लोखंडी, जुन्या घडणीचं, सहा फुटांवर उंच. पलंग खोलायचा तर त्याचे नटबोल्ट गंजलेले. एक पाना आणि खोबरेल तेल यांच्या साहाय्यानं तो पलंग खोलण्यात पाऊण तास गेला. बारा वाजता मोकळं व्हायच्या ऐवजी साडेअकराला आम्ही धायरीतून निघत होतो.

निघताना भाचीच्या दोन मैत्रिणी म्हणाल्या, “आम्ही मागे गादीवर बसतो. मजा येईल.” टेम्पोवाला म्हणाला, “नाही. मागं माणूस घेत नाही मी.” मी म्हटलं, “अहो, पाच-सात किलोमीटर तर जायचंय. कोण बघतंय?” तो मान हलवत राहिला. शेवटी मुली रिक्षानं गेल्या, दीडशे रुपये झाले, आणि मी मनात त्याच्या हट्टीपणाची नोंद करून ठेवली. ही नोंद पुढे मला खोडावी लागली. ते ओघानं सांगतो.

सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीचं वर्णन पुणेकरांना काय सांगायचं? सव्वाबाराला कर्वेनगरला पोचलो. तिथे लिफ्ट होती. पण पहारेकरी म्हणाला, सामान लिफ्टनं न्यायचं नाही, सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी लग्नाला गेलेले. त्यांचा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. गाडी फाटकाच्या आत घ्यायची नाही, असाही नियम होता. म्हणजे रस्त्यापासून जिन्यापर्यंत शंभर पावलं सामान हातात धरून न्यायचं. ‘आम्हीही आहोत की उचलायला’ असं म्हणणारा मी, कपाटाचा एक कोपरा धरून दहा पावलं गेलो आणि कट्ट्यावर बसलो. कपाट त्या काका-पुतण्यांनीच नेलं. फ्रिजही.

पावणेदोनला त्याचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला. “येतो, येतो साहेब, अर्धा तास.” दोन वाजता पुन्हा वाजला. सव्वादोनला तिसऱ्यांदा वाजला, आणि तो नुसतं “बरं” म्हणाला. त्यानंतर मात्र फोन वाजला नाही.

अडीच वाजता तांदळाचं पोतं वर गेलं. सामान सगळं नीट पोचलं होतं, आरशालासुद्धा तडा नव्हता. त्यानं बावीसशे मागितले आणि माझ्यातला हिशेबनीस उठून उभा राहिला. बाराशे ठरले होते! शब्द म्हणजे शब्द! तो म्हणाला, “काका, मजला दुसरा सांगितला होता तुम्ही.” मी म्हटलं, “लिफ्ट बंद होती, तो काय माझा दोष?” भाची दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “मामा, देऊन टाक ना.” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटी सोळाशेवर तुटलं. त्यानं पैसे घेतले, दोर गुंडाळला आणि जाताना एवढंच म्हणाला, “दोनचं भाडं गेलं माझं. सामान थोडंच हाय म्हणाला होता, म्हणून ते घेतलं होतं.”

आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. मग मलाही रागवायला जागा राहिली असती.

संध्याकाळी भाचीनं तिच्या वहीत घर बदलण्याचा खर्च लिहिला आणि मला वाचून दाखवला. अनामत रक्कम तीस हजार. दलालाला एक महिन्याचं भाडं, नऊ हजार. कराराच्या नोंदणीचे वेगळे. आणि शेवटी टेम्पो, सोळाशे. मी ती वही हातात घेतली आणि बघतच राहिलो. दलालानं आम्हाला दोन जागा दाखवल्या होत्या, एकूण तासाभराचं काम. त्याला नऊ हजार देताना मी तिथे हजर होतो आणि अवाक्षर काढलं नव्हतं. ‘पद्धतच आहे’ म्हणालो होतो. साडेपाच तास राबून, तीन जिने उतरवून, शंभर पावलं चालून ज्यांनी सगळं घर वाहून नेलं, त्यांच्याशी मात्र सहाशे रुपयांसाठी हुज्जत घातली. कारण दलालाचा दर ठरलेला असतो आणि टेम्पोवाल्याचा ‘ठरवायचा’ असतो.

भाचीचीही बाजू आहे. पगार बेताचा. घर बदलायच्या महिन्यात सगळे खर्च एकदम अंगावर येतात आणि टेम्पोचा खर्च सगळ्यांत शेवटी येतो. तोपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं. जिथे घासाघीस चालते तिथे माणूस करतो. पण ती घासाघीस कुणाच्या वाट्याला येते, हे एकदा बघायला हवं.

दोन दिवसांनी मी धायरी फाट्यावर गेलो. तो गाडीला टेकून उभा होता. आठ वाजल्यापासून उभा होता आणि आता साडेअकरा झाले होते. मी म्हटलं, “चला, चहा घेऊ.” टपरीवर बसल्यावर मी त्याला सरळ विचारलं, “भाऊ, मी बँकेत होतो. मला तुमचा हिशेब समजून घ्यायचाय.” तो हसला. म्हणाला, “लिहून घ्या मग.” वर्तमानपत्राच्या कडेला मी लिहून घेतलं. तोच कागद आज माझ्यासमोर आहे.

गाडीचा हप्ता महिन्याला तेरा हजार. विमा वर्षाचा, तो महिन्याला पाडला तर २,३००. टायर, दुरुस्ती, पासिंग, पीयूसी वगैरे धरून सरासरी ३,५००. एकूण १८,८०० रुपये. गाडी रस्त्यावर आली काय आणि दारात उभी राहिली काय, हे द्यायचेच. महिन्यात काम मिळतं ते वीस दिवस. बाकीचे दिवस आज उभा होता तसं उभं राहायचं. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसावर ९४० रुपये आधीच चढलेले असतात, चावी फिरवायच्याही आधी.

आता आमचा रविवार. मी सोळाशे दिले. त्यातून ९४० गेले. पुतण्याचे चारशे गेले. डिझेलचे एकशे तीस गेले. आम्ही आठ किलोमीटर मोजले होते, पण गाडी नाक्यावरून आमच्या दारी आली, तिथून कर्वेनगरला गेली आणि रिकामी माघारी आली, ते वीस किलोमीटर झाले. तो म्हणाला, “रिकाम्या गाडीलाबी डिझेल लागतंच की, काका.” सोळाशेतून १,४७० वजा केले की राहतात १३०. तीन जिन्यांवरून कपाट उतरवणाऱ्या माणसाची दिवसाची कमाई, एकशे तीस रुपये! मूळच्या बाराशेवर मी अडून बसलो असतो, तर त्याला खिशातले २७० घालावे लागले असते.

“मग बाराशेला कबूल कसे झालात?” मी विचारलं.

“दोनचं चौदाशेचं भाडं होतं ना. दोन्ही मिळून सव्वीसशे. मग दिवस निघतो. शे-दोनशे डिझेल जास्त, पण हजाराच्या आसपास घरी जातं.”

श्रोतेहो, चौतीस वर्षं मी लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासले. वाहन कर्जाचेही तपासले. हप्ता, उत्पन्न, खर्च, सगळे रकाने मला पाठ. पण टेम्पोचं भाडं हे अंतराचं नसतं, वेळेचं असतं, एवढी साधी गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नाही. माझ्या ‘थोडंच सामान आहे’ची किंमत चौदाशे रुपये होती आणि ती त्यानं भरली.

राहिलेले सहाशे मी त्याला दिले. तो ‘नको नको’ म्हणाला नाही. नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. मला ते बरं वाटलं.

मागे माणूस न बसवण्याचंही मी विचारलं. तो म्हणाला, “काका, ब्रेक मारला आणि पोरगी पडली तर विमावाला हात वर करतो. मग मी काय, गाडी विकू?” घरी येऊन मी खात्री करून घेतली. त्याचं खरं होतं. मोटार वाहन कायद्यातल्या विम्याच्या तरतुदीत मालगाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरलेला आहे. हौशीनं सामानावर बसून जाणारे नातेवाईक आणि मित्र त्यात येत नाहीत. मालगाडीतल्या अशा फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली दिलेला आहे. तेव्हा आपल्या मुलांना गादीवर बसून जायची हौस असेल, तर रिक्षाचे दीडशे रुपये खुशाल खर्च करा.

आता याचा अर्थ सगळे टेम्पोवाले साधुसंत आहेत, असा मात्र नाही. माझ्याच एका मित्राच्या मुलाला एकानं अर्ध्या वाटेत गाडी उभी करून दुप्पट पैसे मागितले होते. सामान गाडीत आणि गाडी त्याच्या ताब्यात, मुलगा काय करणार? मुकाट्यानं दिले. काही जण ठरवताना ‘सगळं धरून’ म्हणतात आणि पोचल्यावर हमाली वेगळी काढतात. या हमालीचा वाद आपल्याकडे जुना आहे. महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला तो १९६९ साली. डोक्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसालाही कायद्याचं संरक्षण हवं, हे मान्य करणारा तो कायदा. वाहतूकदार मंडळींची तर घोषणाच आहे, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’. त्यांचं म्हणणं असं, की गाडी चालवणं हे एक काम आणि माल चढवणं-उतरवणं हे दुसरं काम, त्याचे पैसे मालाच्या धन्यानं द्यावेत. आपल्या घरगुती टेम्पोत ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात आणि पैसे मात्र आपण एकाच कामाचे ठरवतो.

आजकाल मोबाईलवरून टेम्पो मागवता येतो. दर आधी कळतो, घासाघीस नाही. चांगली सोय आहे. पण तिथेही पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा गाडीचा आणि अंतराचा असतो. उचलायला माणूस हवा असेल तर तो वेगळा, आणि ठरावीक वेळेपेक्षा जास्त खोळंबा झाला तर त्याचेही वेगळे. ते बारीक अक्षरात असतं. शिवाय त्या भाड्यातून ड्रायव्हरच्या हाती किती पडतं, हेही विचारून बघा. यंत्र बदललं तरी प्रश्न तेच राहतात.

म्हणून मी आता एक यादी केली आहे. फोन करण्याआधी वहीत लिहायची. मोठ्या वस्तू किती आणि कोणत्या. इथला मजला कितवा, तिथला कितवा. दोन्हीकडे लिफ्ट आहे का, आणि तिच्यातून सामान न्यायला परवानगी आहे का. गाडी दारापर्यंत जाते का. पलंग आधी खोलून ठेवला आहे का. उचलायला त्याची माणसं किती आणि त्यांचे पैसे भाड्यात धरले आहेत का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, किती वाजेपर्यंतचे हे पैसे, आणि त्यानंतर तासाला किती. हे सगळं बोलून झालं, की मोबाईलवर एक संदेश पाठवून ठेवायचा. दोघांकडे राहतो. भांडायला कुणालाच जागा उरत नाही.

आणखी दोन गोष्टी. महिन्याची अखेर, एक तारीख आणि रविवार, या दिवशी सगळ्यांचीच बिऱ्हाडं हलतात. तेव्हा भाव चढतो आणि गाडी मिळत नाही. जमलं तर मधला वार धरा. आणि गाडीची पाटी बघा. भाड्यानं चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते. शेजाऱ्याच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं ठरवून सामान नेलं आणि काही झालं, तर शे-दोनशे वाचवल्याचा आनंद फार काळ टिकत नाही.

अकरा महिने बघता बघता गेले. या एप्रिलमध्ये भाचीनं पुन्हा घर बदललं. रुग्णालयाजवळ जागा मिळाली. या वेळी तिनं मला भाव करायला बोलावलं नाही. तिनंच त्या टेम्पोवाल्याला फोन लावला आणि वही उघडून वाचायला सुरुवात केली. “दादा, कपाट एक, फ्रिज एक, पलंग खोलून ठेवलाय. धुण्याचं यंत्र. खोकी अकरा, पोती चार. लिफ्टची परवानगी काढलीय, सेक्रेटरींशी बोललेय. तांदूळ पण आहेत, पन्नास किलो.”

तिकडून तो म्हणाला, एकोणीसशे. दोन माणसं धरून, नऊ ते एक. पुढे तासाला दोनशे. तिनं “ठीक आहे” म्हटलं आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवला.

साडेबाराला शेवटचं खोकं वर गेलं. तिनं एकोणीसशे मोजून दिले, चहा दिला. तो घाईनं चहा संपवत होता, कारण दीडला त्याचं वारज्याला भाडं होतं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, या बारी सामान जास्तच होतं की. पण टायमात झालं.”

सामान खरं तर मागच्यापेक्षा दोन खोकी कमीच होतं. मी काही बोललो नाही.